माळ्यावर टाकलेली विळी

मी दमयंतीची विळी बोलतेय. जरा लांबूनच ऐका आणि पाय सांभाळा. गोड बोलायची मला सवय नाही. माझं सगळं आयुष्य मासळी बाजारात गेलंय आणि तिथं गोड बोलणारीचं पापलेट दुपारपर्यंत तसंच पडून राहतं.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांशी माझी तुलना करू नका. मी जन्मले ती ट्रकच्या पोटाखाली. उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या कुठल्याशा ट्रकचा कमानपाटा मोडला, भंगारात गेला आणि एका लोहाराच्या हाती लागला. त्यानं मला भट्टीत लाल केलं, ठोकून वाकवलं, पाण्यात बुडवलं. बाभळीच्या पाटात मला उभी बसवली तेव्हा त्याला वाटलं, आपण विळी केली. मला विचाराल तर मी तेव्हा नुसतं धार लावलेलं लोखंड होते. विळी झाले ती दमयंतीनं पाटावर पाय ठेवला त्या दिवशी.

दमयंती पनवेलच्या कोळीवाड्यातली. नवरा विठू खाडीत होडी घालायचा. मुलगा कुंदन द्रोणागिरीच्या गोदामात कामाला, मुलगी रोशनी खारघरला कॉलेजात. घर चालायचं ते मात्र दमयंतीच्या मासळी बाजारातल्या ओट्यावर. सकाळी मोरा बंदरावरून मावरा, म्हणजे मासळी, यायचा, पाटी भरून ती बाजारात जायची आणि पाटीच्या कडेला मी. ती बसली की पहिला मासा माझ्यावरून जायचा. खवले, पर, कल्ले, पोट, मग तुकडे. ती बोलायची गिऱ्हाइकाशी, बघायची रस्त्याकडे आणि हात माझ्या पात्यावर आपले आपण चालायचे. एवढ्या वर्षांत तिचं बोट मला कधी लागलं नाही.

तिच्या उजव्या हाताच्या ओट्यावर चंद्रावती बसते. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या बाजारात आल्या. भांडायच्या तर अशा की समोरचा कोंबडीवाला दुकान सोडून बघायला यायचा. पण रोज सकाळी भवानीची पहिली विक्री व्हायच्या आधी दमयंती दिवसाच्या पहिल्या माशाचा शेपटीकडचा तुकडा कापायची आणि न बघता उजवीकडं सरकवायची. तो चंद्रावतीचा. भांडण असलं तरी तुकडा जायचाच, फक्त त्या दिवशी जरा जोरात जायचा.

बाजाराचा आणखी एक रिवाज सांगते, कारण पुढं त्याच्यावरच सगळं अडलं. ओटा रिकामा ठेवता येत नाही. मागं जागेसाठी बायका थांबलेल्या असतात. पण बाई आजारी पडली, बाळंत झाली, माहेरी गेली, तरी तिची विळी जर ओट्यावर असेल तर तो ओटा भरलेला मानायचा. होळीला सगळ्या कोळणी एकत्र बसतात, ओट्यांवरून नजर फिरवतात आणि विळी नसलेल्या ओट्याचं काय करायचं ते ठरवतात. म्हणजे बघा, बाजारात बाईची सही मी आहे.

नारळी पुनव झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या आणि त्याच सुमाराला दमयंतीला ताप आला. ओठावर फोड आले, डोकं दुखायला लागलं. एक गोळी खाऊन ती बाजारात आलीच. चांगला हातभर लांबीचा, लाल कल्ल्याचा जिताडा तिनं उचलला, नाकाशी नेला आणि फेकून दिला.

"घान येते. जलका टायर कोन टाकलाय यान?"

चंद्रावतीनं मासा उचलून हुंगला. "येडी का तू? खाडीचा वास हाय, दुसरा काय नाय."

दमयंतीनं तिच्याकडं बघितलं नाही. ती पुन्हापुन्हा हवेत वास घेत राहिली. गिऱ्हाइकं मागं सरली. कोळीणच मासा नासका म्हणते तर तो घेणार कोण? मी तर पाटीत त्याच जिताड्याला टेकून आले होते, तो ताजाच होता. त्या दिवशी शेपटीचा तुकडा उजवीकडं गेला नाही आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

पुढच्या दोन दिवसांत घरात जे झालं ते मी पडवीतल्या पाटीतून पाहिलं. दमयंती विठूला बाबा म्हणायला लागली. मध्येच हसायची, मध्येच गप्प व्हायची. ओठ चटचट वाजवायची, डोळे कुठंतरी लांब लागायचे, हाताची बोटं साडीचा पदर चिवडत राहायची. मग अंग घुमायला लागलं.

आता कोळीवाड्यात बाईचं अंग घुमलं तर काय समजतात ते मी सांगायला नको. दमयंतीला तर दर चैत्रात एकवीरा आईच्या पालखीपुढं वारं यायचं. सगळ्यांनी बघितलेलं. विठूनं हात जोडले. "आयचा कोप हाय. कार्ल्याला जायाचा राहिला ना आपला."

कुंदननं पाट मांडला. आईला त्यावर बसवलं, कपाळभर मळवट भरला, केस मोकळे केले. वाडीतल्या बायका खणानारळाच्या ओट्या घेऊन आल्या. कुणी विचारलं, माझ्या पोराला नव्या विमानतळावर काम लागेल का? कुणी विचारलं, सुनेला कधी दिवस जातील? दमयंती पाटावर तापानं फणफणत होती आणि तोंडाला येईल ते बोलत होती. त्या बोलण्याचे अर्थ काढत लोक माना डोलवत होते. रोशनी एकदोनदा म्हणाली, "पप्पा, डॉक्टरकडे नेऊया ना." तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. शिकलेली पोर देवाचं काही मानत नाही, म्हणाले.

मला जीभ नाही, पातं आहे. त्या दिवशी जीभ असती तर मी अख्ख्या वाडीला ऐकवलं असतं.

दुपारी बाजार उरकून चंद्रावती आली. तीही हळदकुंकू घेऊनच आली होती, तीसुद्धा देवीचीच भक्त. पालखीपुढं दमयंतीला वारं आलं की मागं उभी राहून तिची कंबर धरायचा मान चंद्रावतीचा. आणि वाऱ्यात दमयंती पहिली हाक मारायची तीही तिलाच. "ये गो लेकी," म्हणायची.

चंद्रावती पाटासमोर वाकली. दमयंतीनं तिच्याकडं पाहिलं, नीट पाहिलं आणि विचारलं, "बाय, मावरा कसा दिला?"

गिऱ्हाईक विचारतं तसं विचारलं. चंद्रावतीनं हातातलं हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं. तिनं दमयंतीच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला, मग दंडाला.

"ये वारा नाय," ती म्हणाली.

"गप बस गो," विठू ओरडला. "आयच्या समोर असा बोलतान?"

"आय येते तवा इचा अंग थंडगार पडते. मी धरते ना इला, तुमी धरता? आता बघा हात लावून, तवा तापलाय नुसता. आन आय आपल्या लेकरांना इसरते कंदी? मना वळखत नाय ही. मना!"

तिनं पदरानं दमयंतीच्या कपाळावरचा मळवट पुसायला सुरुवात केली. बायका किंचाळल्या. देवीचा मळवट पुसायचा म्हणजे काय! पण चंद्रावतीचा हात थांबला नाही.

"कोप झाला तर माज्यावर होऊ द्या. रोशनी, रिक्षा बोलव."

रिक्षात चढवता चढवताच दमयंतीला झटका आला. हात वाकडे झाले, तोंडाला फेस आला. मग मात्र विठूसुद्धा धावला.

मी इस्पितळात गेले नाही. तिथं मला कोण आत घेणार? पुढचं कळलं ते रोशनीच्या तोंडून. ती कपडे न्यायला घरी यायची आणि पडवीत बसून बापाला नि भावाला समजावून सांगायची. मी पाटीतून ऐकायचे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं नीट सांगितलं होतं.

"आईच्या मेंदूला सूज आली होती," ती म्हणाली. "पाठीतून पाणी काढून तपासलं, डोक्याचा एमआरआय केला. व्हायरस आहे. ओठावर फोड येतात ना, त्याचाच. तो म्हणे कितीतरी लोकांच्या अंगात असतो, नसांमध्ये गप्प पडून राहतो. हजारोंतून एखाद्याच्याच मेंदूत शिरतो. का शिरतो ते त्यांनाही सांगता येत नाही."

"मावऱ्याने झाला का?" विठूनं विचारलं.

"नाही, पप्पा. मासळीचा काही संबंध नाही. आणि आपल्याला कोणाला तिच्याजवळ बसून होणार नाही."

"मग ती असा का बोलत होती?"

रोशनीनं बापाच्या पायाकडं बोट दाखवलं. मागं त्याला पायात काटा मोडून पू झाला होता. "तुमचा पाय सुजला तेव्हा कातडी ताणली गेली, सुजेला जागा मिळाली. कवटी हाडाची, ती ताणत नाही. अंग त्या व्हायरसशी झगडतं, त्यात सूज येते आणि आतल्या आत सगळं दाबलं जातं. आईला जिथे झालं ना, कानाच्या आतल्या बाजूला, तिथेच वास, आठवण, नावं, राग, सगळं असतं. तिला जळक्या टायरचा वास येत होता तो बाहेर नव्हता, तिच्या डोक्यात होता."

विठूनं त्या पायावरून हात फिरवला. मग त्यानं विचारलं, "आपन पाटावर बसवला त्याचा काय झाला?"

"उशीर झाला," रोशनी म्हणाली. "अजून थांबलो असतो तर आई राहिली नसती."

हे ऐकून विठू उठला आणि पडवीच्या कोपऱ्यात उभा असलेला तो पाट त्यानं आत नेऊन ठेवला. कुंदन मान खाली घालून बसला होता.

सलाइनमधून औषध देत बरेच आठवडे तिला तिथं ठेवलं. घरी आली तेव्हा साडी तिच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखी दिसत होती. जीव वाचला, पण सगळं परत आलं नाही. शेजारणींची तोंडं तिला सारखीच दिसायची. पापलेट समोर ठेवलं तरी नाव सापडायचं नाही. आत्ता विचारलेलं पुन्हा विचारायची. आणि राग! आधीही होता, तो मीठमिरचीचा होता, लगेच विरायचा. आता अचानक भडका उडायचा आणि नंतर आपण का ओरडलो ते तिलाच कळायचं नाही, मग ती रडायची. वाडीत कुजबुज सुरू झाली. दमयंती येडी झाली.

एका दुपारी ती पडवीत आली. मला पाटीतून उचललं, पायरीच्या दगडावर पाणी टाकलं आणि धार लावायला बसली. मी तर हरखून गेले. हाताचा कोन तोच, दाब तोच. तेवढ्यात शेजारीण आली आणि तिनं बोंब ठोकली. "धावा गो, विली घेतलीन हातात!"

लोक जमले. दमयंती दचकली आणि चिडून ओरडली. झालं! कुंदननं तिच्या हातातून मला हिसकावलं, गोणपाटात गुंडाळलं, जुन्या जाळ्याच्या दोरीनं करकचून बांधलं आणि माळ्यावर फेकलं.

बाईनं धार लावली, एवढाच गुन्हा. घरात कांद्याची सुरी होती, नारळाचा कोयता होता, त्यांना कुणी बांधलं नाही. बांधलं ते तिला आणि मला. माळ्यावर उंदीर माझ्या पाटावरून पळायचे, गंज माझ्या पात्यावर चढत होता आणि खालून कुंदनचा आवाज यायचा. "आईने आता आराम करायचा. ओटा कशाला हवा? देऊन टाकू कुणाला." तो वाईट मुलगा नाही. आई त्याच्या हातून जवळजवळ गेली होती, म्हणून आता तो तिला घट्ट धरून बसला होता. पण घट्ट धरलेलं माणूस गुदमरतं हे त्याला कुणी सांगावं? मी गोणपाटात होते.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळी आठवड्यावर आली तशी चंद्रावती एका सकाळी घरी आली. हातात जिताडा.

"विली दे," ती कुंदनला म्हणाली. "ओट्यावर ठेवाला. नायतर होळीला बायका ओटा दुसरीला देतील. इतकं दिस मी भांडून धरलाय."

"मावशी, देऊ दे ओटा. आई हात कापून घेईल. नाहीतर दुसऱ्या कोणाला काहीतरी करेल. मग?"

"मी डॉक्टरांना विचारलंय," रोशनी मध्ये पडली. "गोळ्या चालू आहेत, कित्येक महिन्यांत झटका नाही. शेजारी कायम कोणीतरी बसलेलं असेल तर जुनं काम करू दे, म्हणाल्या. नावं आठवतात तो भाग दुखावलाय, कुंदन. हातांना सवय असते ती मेंदूत दुसरीकडे राहते. तिथपर्यंत सूज गेली नाही."

"तुला काय, तू कॉलेजला जाशील."

"मी बसेन ना शेजारी," चंद्रावती म्हणाली. "इतकी वरसं कुठं बसत होते मी?"

असे तिघं भांडत होते. एवढ्यात दमयंतीचा आवाज आला. तो मला माळ्यावर ऐकू आला आणि माझं पातं गोणपाटात शहारलं.

"माज्याबद्दल बोलताव ना? मग मना इचारा! मी हितं बसलेय. मेले नाय."

तिची पावलं कुंदनपाशी आली.

"माजी विली कुटं हाय?"

मग शिडी कुरकुरली. विठू वर आला होता. त्यानं मला उचललं, दोरी सोडत बसला नाही, दातानं तोडली. खाली नेऊन चिंच आणि विटेचा चुरा लावून माझा गंज घासला. पाट मांडून आपण काय केलं होतं ते त्याच्या हातांना आठवत असावं, इतका जोर लावत होता.

दमयंतीनं माझ्या पाटावर पाय ठेवला. चंद्रावती उजवीकडं बसली. जिताडा समोर आला. कुंदन अजून उभाच होता, हात पुढं करून, म्हणजे काही झालं तर धरता यावं.

"आई, हा कुठला मासा? सांग बघू," त्यानं विचारलं.

दमयंतीनं माशाकडं पाहिलं. नाव शोधत तिची नजर भिरभिरली. मला वाटलं, आता रडेल नाहीतर ओरडेल. तिनं मान वर केली.

"मावरा कापाया बसलेय, त्याचा बारसा कराया नाय."

आणि मासा माझ्यावर आला. खवले उडाले, पर गेले, कल्ले निघाले. पोट एका रेषेत उघडलं. हात तिचे, जसेच्या तसे! महिनोन्महिने माळ्यावर पडून मी जी खात्री धरून होते ती खरी ठरली. रोशनी हसत होती आणि डोळे पुसत होती. कुंदननं पुढं केलेले हात हळूच खाली घेतले.

होळीला बायका बसल्या तेव्हा मी ओट्यावर होते. एकदोघींनी तोंडं वेंगाडली, मागं जागेला थांबलेली एक पुटपुटली, पण रिवाज म्हणजे रिवाज. विळी आहे तर ओटा भरलेला.

आणि मग बाजारातली ती पहिली सकाळ आली. दमयंती ओट्यावर बसली. भाव, हिशेब, गिऱ्हाइकांशी घासाघीस चंद्रावती दोन्ही ओट्यांची बघणार आणि कापायचं सगळं दमयंती, असं त्यांचं ठरलं होतं. सुरुवातीलाच खारघरच्या टॉवरमधली एक बाई गाडीतून उतरली. जुनं गिऱ्हाईक. दमयंतीला बघून ती थबकली आणि चंद्रावतीच्या कानाशी लागली, पण आवाज काही तिचा लहान नव्हता.

"हिच्या डोक्यावर परिणाम झालाय ना? विळी कशी दिली हिच्या हातात?"

चंद्रावती कंबर खोचून उठणार, तोच दमयंती बोलली.

"डोक्याला सूज आलेली, बाय. तुमच्या गुडघ्याला येते ना, तशी. तुमाला कोन येडी बोलते का?"

बाईचा चेहरा उतरला. गुडघा खरंच दुखत असावा, कारण तिचा हात आपोआप तिकडं गेला. कोंबडीवाला मोठ्यानं हसला. बाई क्षणभर घुटमळली, मग सुरमई उचलून तिनं पुढं केली. "तुकडे जरा पातळ करा," म्हणाली.

"थांबा," दमयंती म्हणाली. "आदी पयला मावरा."

तिनं पाटीतला पहिला मासा ओढला. चंद्रावतीनं सकाळपासून तिला आपलं नाव तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा ते निसटलं होतं. घरून येताना वाटेतसुद्धा तिनं विचारलं होतं, "तू कोन गो माजी?" चंद्रावतीनं थट्टेवारी नेलं होतं, "तुजी सवत," म्हणाली होती, पण मान वळवून डोळे टिपताना मी तिला पाहिलं होतं.

मासा माझ्यावरून गेला. शेपटीकडचा तुकडा सुटला. दमयंती गिऱ्हाइकाकडं बघत होती, तिला काही सांगत होती आणि तिच्या हातानं, न बघता, तो तुकडा उजवीकडं सरकवला.

चंद्रावतीच्या ओट्यावर तो जाऊन थांबला. चंद्रावती त्याच्याकडं बघत राहिली. मग दोन्ही हातांनी तो उचलून तिनं पदरात घेतला, मासळीचा ओला तुकडा, धुतलेल्या लुगड्यात!

"आता काय झाला तुला?" दमयंती खेकसली. "रडतेस काय? गिऱ्हाईक बघ."

"बघते गो, बघते," चंद्रावती म्हणाली.

तर असं आहे. नाव अजून आलेलं नाही. कदाचित येणार नाही, डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय. रोज सकाळी चंद्रावती आपलं नाव सांगते, रोज ते हरवतं आणि रोज तुकडा बरोबर जागेवर जातो. गोळ्या चालू आहेत. काही दिवशी दमयंती दुपारीच थकून जाते, तेव्हा विठू येऊन तिला घरी नेतो आणि मला ओट्यावरच ठेवून जातो. चैत्रात पालखी आली की ती जाणार आहे. वारं आलं तर येऊ द्या, चंद्रावती कंबर धरायला आहे आणि कपाळाला हात लावून बघायलाही आहे.

माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे आणि ते मी हात जोडून करत नाही, मला हात नाहीत. तुमच्या घरातलं माणूस तापात वेगळंच बोलायला लागलं, नसलेले वास घ्यायला लागलं, आपल्यालाच ओळखेनासं झालं, तर पाट मांडू नका, रिक्षा बोलवा. देवीचं देणं नंतरही फेडता येतं. आणि ते माणूस परत आलं, थोडं वेगळं होऊन आलं, तर त्याच्या हातातलं काम काढून माळ्यावर टाकू नका. त्यालाच विचारा.

मला पुन्हा गोणपाटात बांधायला कुणी आलंच, तर येऊ दे. आता मला रोज सकाळी धार लावली जाते, दमयंतीच्या हातानं.